गुलबक्षी: लावण्यापासून वेणीपर्यंत, सगळ्यांचे नेहमीचे प्रश्न

साताऱ्याला आमच्या जुन्या घराच्या परसात, मोरीचं पाणी जायचं त्या पाटाच्या कडेला गुलबक्षी होती. ती कुणी लावली हे आजीलासुद्धा सांगता यायचं नाही, ती लग्न होऊन आली तेव्हाही होतीच म्हणे. त्याच झाडांचं बी मी पुण्याला बाल्कनीत आणलं, मग बिल्डिंगमधे वाटलं, मग मावशीकडे, नणंदेकडे, ऑफिसातल्या मैत्रिणींकडे गेलं, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात फोन सुरू होतात की अगं हे असं का झालं, तसं का झालं. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय.

गुलबक्षी म्हणजे नक्की कुठलं झाड? आमच्याकडे दुसरंच नाव आहे.

गुलबक्षी, गुलबाक्षी, गुलबास, सगळं एकच. हिंदीत गुलअब्बास म्हणतात, बंगालीत संध्यामालती, आणि केरळात नालुमणिप्पूवु म्हणजे सरळ सरळ चार वाजताचं फूल, इंग्रजीतही फोर ओ'क्लॉकच म्हणतात. गुडघ्याच्या वर, कधी कमरेपर्यंत वाढणारं पसरट झुडूप, पेरं फुगलेली, पानं बदामाच्या आकाराची टोकदार, आणि कर्ण्यासारखी लांब नळीची फुलं. रंग राणी, पिवळा, पांढरा, आणि ठिपक्याठिपक्यांचा. आपण साडीचा रंग सांगताना गुलबक्षी म्हणतो ना, तो या फुलावरूनच.

शास्त्रीय नाव मिराबिलिस जलापा. मिराबिलिस म्हणजे आश्चर्य वाटावं असं. मूळचं आपल्याकडचं नाही हे ऐकून खूप जणांना धक्का बसतो, ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं आहे, आणि युरोपात त्याला पेरूचं आश्चर्य असं नाव पडलं होतं (पेरू देश, फळ नाही). बोगनवेलीच्या कुळातलं आहे.

उन्हाळ्यात आमची गुलबक्षी मेली. नवीन बी द्याल का?

बी देईन, पण आधी ती कुंडी फेकू नका!! हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर मला सगळ्यात जीव तोडून सांगावंसं वाटतं. गुलबक्षी बहुवर्षायू आहे, म्हणजे एकदा लावली की वर्षानुवर्षं राहते, फक्त वरचा पाला राहत नाही. जमिनीखाली तिचा कंद असतो, बाहेरून काळपट, रताळ्यासारखा, जुन्या झाडाचा तर मांडीएवढा जाड होतो. पाणी कमी पडलं, ऊन फार झालं की झाड पानं टाकतं, फांद्या पेरापेरात सुटून पडतात, आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत कुंडीत दोन वाळक्या काटक्या उरतात. बघणाऱ्याला वाटतं गेलं. ते गेलेलं नसतं, झोपलेलं असतं.

मी स्वतः हे न कळून नुकसान केलंय. पुण्याला आल्यावर पहिल्याच वर्षी मे महिन्यात कुंडी रिकामी करून त्यात टोमॅटो लावले आणि तो कंद कसलं तरी मूळ म्हणून कचऱ्यात टाकला. ती पांढरी गुलबक्षी होती, आजीच्या परसातली एकुलती एक पांढरी, आणि साताऱ्याला तोपर्यंत परसात फरशी घातली होती त्यामुळे तिथलीही गेली होती. राणी आणि पिवळी मला परत मिळाली, पांढरी मात्र त्या घराण्यातली नाहीच मिळाली. म्हणून म्हणते, कुंडी रिकामी वाटली तरी बोट घालून बघा. कंद हाताला घट्ट लागला तर जिवंत आहे. मऊ, पाणचट, वास येणारा असेल तरच कुजलाय.

झोपलेल्या कुंडीला आठवड्यातून एकदा पेलाभर पाणी पुरतं, जमिनीतल्याला तेही नको. वळवाचा एखादा पाऊस झाला की लालसर कोंब वर येतात, आणि मृगाचा पाऊस नीट लागला की तीन आठवड्यांत झुडूप उभं. ज्यांच्याकडे वर्षभर पाणी मिळतं, उदाहरणार्थ मोरीच्या कडेला, तिथे ती झोपतच नाही, थोडी सुकल्यासारखी दिसते आणि चालू राहते.

बी कधी आणि कसं लावायचं?

जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. पाणी हाताशी असेल तर फेब्रुवारीच्या शेवटीही लावता येतं. डिसेंबरच्या थंडीत मात्र लावू नका, बी नुसतं पडून राहतं.

बी काळं, खरखरीत, मिऱ्यासारखं दिसतं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी लावा. बोटाचं अर्धं पेर खोल, म्हणजे एक-दीड सेंटीमीटर, बस. फार खोल पुरलं तर पावसात कुजतं. सात ते दहा दिवसांत दोन जाडजूड मूत्रपिंडाच्या आकाराची बीजपत्रं वर येतात. रोपं चार पानांची झाली की दीड ते दोन फुटांवर एक ठेवून बाकीची काढा, काढलेली दुसरीकडे लागतात. दाट ठेवली तर सगळीच उंच, बारीक आणि लोळणारी होतात. जीवावर येतं काढायला, मला माहितीये, तरी काढा.

हिरवं किंवा तपकिरी बी उगवत नाही. पूर्ण काळं झालेलं, नुसतं बोट लावल्यावर फुलाखालच्या हिरव्या वाटीतून हातात पडतं तेच घ्यायचं. सुकवून कागदाच्या पुडीत ठेवलं तर दोन-तीन वर्षं सहज टिकतं.

फुलं कधी येतील?

बियांपासून लावलं तर दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे जूनचं बी श्रावण-भाद्रपदात फुलतं. कंदापासून आलेलं झाड त्याच्या बरंच आधी.

ऊन किती लागतं? आमच्याकडे फक्त सकाळचं येतं.

चार तास सकाळचं ऊन असेल तरी फुलते. पाच-सहा तास मिळालं तर भरगच्च. पूर्ण सावलीत नुसता पाला वाढतो आणि फांद्या उजेडाकडे वाकतात. दुपारच्या कडक उन्हात पानं मान टाकतात, त्याला घाबरून लगेच पाणी ओतायची घाई करू नका, संध्याकाळी आपोआप ताठ होतात. संध्याकाळीही ताठ झाली नाहीत तर मग तहान लागलीय.

माती कशी हवी?

कशीही चालते. आमच्याकडे मुरुमातही आलीय आणि फरशीच्या फटीतही. फक्त पाणी साचणारी काळी चिकण माती असेल तर कंद कुजतो, तिथे तिसरा हिस्सा वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा, नाहीतर सरळ वाफा वीतभर उंच करा.

कुंडीत होते का?

होते, पण कंदाला जागा द्यावी लागते. बारा इंची कुंडीत एकच झाड, आणि कुंडी पसरट नको, खोल हवी. आठ इंचीत लावलेली पहिल्या वर्षी छान दिसते, दुसऱ्या वर्षी कंद कुंडीच्या कडांना दाबायला लागतो. एका मैत्रिणीकडे प्लास्टिकची कुंडी उभी चिरली होती, तिला वाटलं उन्हाने तडकली, बघतो तर आतून कंदाने ढकललेली. कुंडी लहानच असेल तर दर दोन वर्षांनी झोपेच्या काळात कंद काढून माती बदला.

माझं मिश्रण: अर्धी बागेची माती, पाव भाग जुनं शेणखत किंवा कंपोस्ट, पाव भाग वाळू. कोकोपीट मी घालत नाही कारण पावसाळ्यात ते पाणी धरून बसतं. खालची भोकं खापरीने झाका, बुजवू नका.

पाणी किती घालायचं?

पावसाळ्यात शून्य, आभाळ बघून. ऑक्टोबरपासून थंडीत कुंडीला दोन दिवसाआड. वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच द्या. ही झाडं पाणी कमी पडून फार मरत नाहीत, आपण काळजीने रोज ओतत राहतो आणि त्याने कंद सडून मरतात, आणि मग लोक म्हणतात आमच्या हाताला गुण नाही. हाताला गुण आहे हो, तांब्या जरा बाजूला ठेवा एवढंच.

खत कुठलं देऊ?

वर्षातून दोनदा मूठभर शेणखत किंवा गांडूळखत, एकदा कोंब आल्यावर आणि एकदा गणपतीच्या आसपास. त्यापेक्षा जास्त नको. युरिया तर अजिबात नको, झाड हिरवंगार दिसतं आणि फूल एक येत नाही. माझ्या नणंदेने गुलाबासाठी आणलेलं खत दर आठवड्याला हिलाही दिलं आणि पाला इतका वाढला की पावसात अख्खं झुडूप मधोमध फाटलं.

चार वाजताचं फूल म्हणता, मग आमचं सहाला का उघडतं?

कारण फूल घड्याळ बघत नाही, ऊन कधी उतरतं आणि हवा कधी गार होते ते बघतं. कडक ऑक्टोबर हीटमधे, पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर भिंत सहापर्यंत तापलेली असते मग फूलही उशिरा. ढगाळ श्रावणी दुपारी तेच झाड साडेतीनला उघडतं. आणि सकाळचं म्हणाल तर ऊन चढलं की मिटतं, पण पावसाळी झड असेल तर दहा-अकरापर्यंत उघडं राहतं. एक फूल एकच रात्र जगतं. दुसऱ्या दिवशी दुसरी कळी.

उघडताना एकदा समोर बसून बघा. दहा-पंधरा मिनिटं लागतात, कळीचे पीळ सुटत जातात आणि मग पुंकेसर बाहेर येतात. मिटतानाही गंमत असते, पुंकेसर आणि मधला तंतू गुंडाळत आत जातात आणि तसं होताना पराग स्वतःच्याच टोकाला लागतात, म्हणजे रात्रभरात कुठला कीटक आला नाही तरी बी धरतं.

हिला वास असतो का?

असतो, गोडसर, पण दिवसा नाक लावलं तर काही येणार नाही. अंधार पडल्यावर या. मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही, झुळूक आली की जाणवतो. तो वास आपल्यासाठी नसून हॉक मॉथ नावाच्या मोठ्या पतंगांसाठी असतो, त्यांची सोंड लांब असते म्हणून एवढ्या लांब नळीच्या तळाशी असलेला मध त्यांना पिता येतो. फुलासमोर हवेत एका जागी थांबून पितात, पंख दिसतच नाहीत इतके वेगात हलतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं छोटा पक्षीच आला. दिवेलागणीनंतर अर्धा तास बाल्कनीतला मोठा लाइट बंद ठेवून बसा, दिसण्याचा चान्स जास्त.

एकाच झाडावर दोन रंगांची फुलं आलीत, कलम केलंय का कुणी?

नाही, हे हिचं स्वतःचंच काम. एकाच झाडावर एक फांदी पिवळी, एक राणी, मधेच एक फूल अर्धं हे अर्धं ते, आणि काहींवर तर ब्रश झटकल्यासारखे शिंतोडे. रंग तयार करणारं जनुक फूल वाढत असतानाच काही पेशींमधे चालू होतं आणि काहींमधे बंद पडतं, आणि त्या पेशींपासून पुढे जेवढा भाग बनेल तेवढा तसा रंगतो. जनुक लवकर बदललं तर पट्टा मोठा, उशिरा बदललं तर बारीक ठिपका. म्हणून ठिपक्यांच्या झाडावर दोन फुलं सारखी सापडत नाहीत, बसा शोधत.

रंगही जास्वंदीसारख्या फुलांतला नाही, बिटातला लाल आणि हिच्यातला राणी हे एकाच जातीचे रंग. आणि पिवळ्या रंगाचं तर 2005 साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी नेचर मासिकात दाखवलं की हे फूल निळा उजेड शोषून हिरवट चमकतं, म्हणजे अक्षरशः फ्लुरोसंट. आजीच्या मोरीकडेचं झाड!

हिच्या रंगांनी विज्ञानात बरीच उलथापालथ केलीय. बारावीला बायोलॉजी असलेल्यांना आठवत असेल, लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी गुलाबी, आणि त्या गुलाबींच्या पुढच्या पिढीत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं या प्रमाणात, ते अपूर्ण प्रभुत्वाचं उदाहरण ही गुलबक्षीच. जर्मनीच्या कार्ल कोरेन्सने ते काम केलं, आणि 1909 मधे त्यानेच हिरव्या-पांढऱ्या चट्ट्यांच्या पानांच्या गुलबक्षीवरून दाखवलं की पानांचा तो रंग फक्त आईच्या झाडाकडून येतो, बापाचे पराग कुठलेही असोत. त्याच्याही आधी मेंडेलने, वाटाण्यावाल्या मेंडेलने, गुलबक्षीच्या फुलावर मोजून एकच परागकण ठेवून बघितला होता आणि एका कणाने बी धरतं हे 1870 मधे पत्रात कळवलं होतं. गुलबक्षीच का, तर हिच्या एका फुलात एकच बी होतं, हिशोब सोपा. मुलांना शाळेच्या प्रोजेक्टसाठी काही हवं असेल तर यापेक्षा स्वस्त आणि सोपं झाड मला तरी माहीत नाही.

मला फक्त पिवळीच हवी आहे, बी पिवळ्याचंच लावलं तरी राणी का आली?

कारण रात्री पतंग शेजारच्या राणी झाडावरून येऊन गेला. शुद्ध रंग हवा असेल तर दोन उपाय. एक, कळी उघडायच्या आधी दुपारी तीनच्या सुमारास तिच्यावर पातळ मलमलीची किंवा नायलॉनच्या जाळीची छोटी पिशवी बांधा, सकाळी काढा, फुलाला खुणेचा दोरा बांधून ठेवा आणि तेवढंच बी वेगळं जपा. दोन, आणि हा सोपा, आवडत्या रंगाच्या झाडाचा कंदच वापरा. कंदाचं झाड आईसारखंच येतं.

कंद एका जागेवरून दुसरीकडे हलवता येतो का?

येतो. झोपेच्या काळात, साधारण मार्च ते मे. झाडापासून वीतभर लांब खणायला सुरुवात करा, कारण कंद खोल जातो आणि खालचं टोक तुटलं तर त्या जखमेतून कुजतो. तुटलंच तर दोन दिवस सावलीत वाळू द्या, जखमेवर राख किंवा हळद चोळा, मग लावा. वरचा बुंधा, जिथून कोंब येतात, तो मातीच्या किंचित खाली राहील असा ठेवा. मोठ्या कंदाचे तुकडे करता येतात पण प्रत्येक तुकड्याला बुंध्याचा भाग हवा, नुसतं खालचं गाजर लावून काही उगवत नाही. बिल्डिंगमधल्या एका काकांनी तसे चार तुकडे लावून महिनाभर वाट बघितली.

फांदीही पावसाळ्यात लागते, फुगलेलं पेर मातीत जाईल अशी, माझ्या तीनातली एक लागली.

छाटणी करायची का?

दोनदा. जुलैमधे रोप वीत-दीड वीत झालं की शेंडा खुडा म्हणजे बाजूने फुटतं आणि झाड बुटकं, गोल होतं. दुसरी छाटणी थंडी संपताना, सगळं विस्कटलेलं दिसायला लागलं की जमिनीपासून चार बोटं ठेवून कापून टाका. फांद्या पाणीदार आणि ठिसूळ असतात, धक्का लागला की पेरात मोडतात, म्हणून वाऱ्याच्या जागी तीन काठ्या लावून सुतळीचा सैल वेढा द्या. घट्ट बांधलं तर सुतळीशीच मोडतं.

कीड लागते का?

फार नाही, त्यासाठीच तर आवडते. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण, ते कापसाच्या बोळ्याने पुसा आणि आठवड्याच्या अंतराने दोनदा निंबोळी तेल फवारा, लिटरभर पाण्यात पाच मिली आणि त्यात दोन थेंब भांडी घासायचा साबण. फवारणी सकाळी करा, फुलं उघडायच्या वेळी नको, पतंग येतात. पावसाळ्यात खरा शत्रू म्हणजे गोगलगायी, कोवळी रोपं एका रात्रीत देठापर्यंत खातात. रात्री टॉर्च घेऊन वेचण्याला पर्याय नाही, मीठ टाकू नका, माती बिघडते.

फार पसरते म्हणतात, खरं का?

खरं. एका झाडाखाली पुढच्या वर्षी पंचवीस-तीस रोपं दिसली तर नवल नाही. ती लहान असतानाच उपटा, एकदा कंद धरला की नुसतं ओढून वरचं तुटतं आणि खालून परत येतं. जेवढी फुलं तोडाल तेवढं बी कमी हाही एक मार्ग.

पण यात एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय, विशेषतः आमच्या सातारकरांना. फिरायला जाताना बिया खिशात घेऊन डोंगरावर, सड्यावर, रस्त्याच्या कडेला उधळू नका. हल्ली सीडबॉलच्या, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे फेकायच्या नादात लोक कुठलंही बी कुठेही टाकतात. कास पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे ते तिथल्या वीतभर मातीत उगवणाऱ्या इवल्याइवल्या फुलांमुळे, आणि अशा बाहेरच्या, कंद धरणाऱ्या, स्वतःचं बी सांडणाऱ्या झाडांनी तिथे पाय रोवले तर त्या फुलांना जागा राहणार नाही. गुलबक्षी अंगणाची आहे, तिला अंगणातच ठेवा. उपटलेले कंदही ओढ्यात टाकू नका, फोडून उन्हात वाळवा मगच टाका.

घरात लहान मूल आहे / कुत्रा आहे, विषारी आहे का?

बी आणि कंद पोटात गेले तर उलट्या, जुलाब, पोटात कळ येऊ शकते. बी मिऱ्यासारखं दिसतं म्हणून सुकवायला ठेवलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका, हे अगदी मनावर घ्या. रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर. उकरायची सवय असलेला कुत्रा असेल तर कंदाभोवती जाळी. मुलाने खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका, उरलेलं बी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. मोठ्या मुलांनी फुलांशी खेळायला काही हरकत नाही, हात धुवायला लावा.

बी फोडलं की आत पांढरी पावडर निघते, लहानपणी आम्ही ती गालाला लावायचो. जपानी मुलीही तेच करायच्या आणि तिकडे या झाडाचं नावच ओशिरोइबाना आहे, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरचं फूल.

गळवावर गुलबक्षीचं पान बांधतात ते बरोबर का?

आमच्याकडे बांधायचे, पान तुपाचं बोट लावून तव्यावर कोमट करून. गरम शेकाने छोटं गळू पिकायला मदत होते एवढं खरं. पण ताप असेल, लाली पसरत असेल, चेहऱ्यावर असेल किंवा गळू झालेल्याला डायबेटिस असेल तर पान-बिन नको, सरळ दवाखाना. आणि कंदाचा रस कुणी प्यायला सांगितला तर अजिबात ऐकू नका.

देवाला वाहतात का?

सकाळच्या पूजेच्या वेळी ती मिटलेली असते म्हणून फुलपुडीत कधी दिसत नाही. आमच्याकडे संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावताना दोन फुलं ठेवायची पद्धत आहे.

मुलगी न्यू जर्सीला असते, तिकडे बर्फात जगेल का?

वरचा भाग पहिल्या हिमातच काळा पडतो. कंदही गोठलेल्या जमिनीत राहत नाही, म्हणून तिकडची मंडळी डेलियाचे कंद काढतात तसा हिचा काढायचा: पाला काळा पडला की खणून माती झटकायची, धुवायचा नाही, आठवडाभर सावलीत सुकवून कोरड्या भुशात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून गार पण न गोठणाऱ्या जागी, बेसमेंटमधे वगैरे. मे महिन्यात हिमाची भीती गेली की परत बाहेर. नाहीतर दरवर्षी बी लावा, मार्च-एप्रिलमधे खिडकीशी कुंडीत रोप करून ठेवायचं. इथून बी पाठवायच्या भानगडीत मात्र पडू नका, तिकडच्या विमानतळावर बियांचे नियम कडक आहेत, आणि हिचं बी तिकडच्या दुकानात मिळतंच.

बिनदोऱ्याची वेणी कशी करायची?

पाचच्या सुमारास, नुकती उघडलेली फुलं घ्या, तीस-पस्तीस लागतील. फूल तोडायचं नाही, खालच्या हिरव्या वाटीतून नळी हलकेच ओढून काढायची म्हणजे लांब देठ मिळतो, तो देठच आपला दोरा. तीन फुलं घेऊन त्यांच्या नळ्या केसांच्या पेडासारख्या एकमेकांवर घाला, प्रत्येक वळणाला बाजूच्या नळीसोबत एक नवीन फूल जोडत जा, फुलांची तोंडं सगळी एका बाजूला. नळ्या ओल्या असतात तोवरच वळतात, म्हणून गप्पा मारत मारत केली तर तुटते, एका दमात करायची. शेवटच्या तीन नळ्यांना एकाच नळीचा वेढा देऊन टोक आत खोचायचं. राणी आणि पिवळी एकाआड एक घेतली तर फार सुंदर दिसते. भोंडल्याच्या दिवसांत आजी आम्हा सगळ्या बहिणींना रांगेत बसवून करायची, सगळ्यात धाकटीची आधी, कारण तिला धीर नसायचा. केसात घातली की रात्रभर टवटवीत राहते, सकाळी उशीवर मिटलेली सापडते.